गिटारच्या दांडीला कोणता हात द्यावा?

तुमच्या घरात गिटार आहे का? नसली, तर येत्या दोन-चार वर्षांत येईलच असं समजा. आपल्या वेळी पेटीचा नाहीतर तबल्याचा क्लास असायचा, तसा आता गिटारचा असतो. मुलगी आठवी-नववीत गेली की हट्ट धरते, वडील विरघळतात, गिटार येते, कोपऱ्यात भिंतीला टेकते आणि केर काढताना रोज ती उचलून परत ठेवण्याचं काम मात्र आपल्या वाट्याला येतं. मग एखाद्या पावसाळ्यात तक्रार सुरू होते, "आई, हिची नेक चिकट लागतेय. हात सरकतच नाही."

नेक म्हणजे मान. सतारीच्या, तंबोऱ्याच्या बाबतीत आपण जिला दांडी म्हणतो, तीच. डाव्या हाताचा अंगठा तिच्या पाठीला टेकवायचा आणि बोटं पुढच्या पडद्यांवर ठेवायची. वाजवताना हात या दांडीवरून सारखा वर-खाली सरकत असतो. त्यामुळे गिटारचं पोट चकचकीत असो की खरचटलेलं असो, वाजवणाऱ्याचं फारसं अडत नाही. दांडीची पाठ मात्र हाताला मनासारखी लागावी लागते.

हे पॉलिश घरच्या घरी करता येतं का, आणि करायचं तर कोणतं, हे मला शिकावं लागलं. मी सुतार नाही की गिटार वाजवणारी नाही. वेळ आली म्हणून शिकले. ती वेळ कशी आली ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही.

माझ्या दादाने १९८३ साली, पुण्याला कॉलेजात असताना, साठवलेल्या पैशांतून एक गिटार घेतली. कलकत्त्याची बनावट होती. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, बदल्या झाल्या. गिटार प्रत्येक बिऱ्हाडी बरोबर गेली. २०१९ साली दादा गेला. वहिनीने गिटार आईला दिली आणि आई आमच्याकडे सांगलीला राहायला आली तेव्हा तिच्या दोन बॅगांबरोबर तीही आली.

आईने ती कपाटावर ठेवली. दर दसऱ्याला खाली काढायची, पुसायची, फूल वाहायचं आणि दांडीवरून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. लाकूड आहे, कोरडं पडलं तर तडकेल, अशी तिची समजूत. असे तीन-चार दसरे झाले. मग २०२२च्या डिसेंबरात माझ्या धाकटीने गिटार शिकायचं काढलं आणि नवी नको, मामाचीच वाजवीन, असं जाहीर केलं. घरात सगळ्यांना बरं वाटलं. आईचं तर विचारूच नका.

गिटार खाली काढली, पिशवी उघडली आणि दांडीला हात लावला, तो काय! डिंक फासल्यासारखी चिकट. त्यावर धूळ बसून काळपट थर झालेला. शिवाय थंडीचे दिवस, त्यामुळे लाकडाच्या बारीक छिद्रांत पांढरं पांढरं काही चमकत होतं. ते थिजलेलं खोबरेल होतं.

तेलातलं तेल

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या, कारण ही चूक तुमच्या-माझ्या हातून सहज होणारी आहे. आपल्या स्वयंपाकघरात तेलं पुष्कळ असतात आणि लाकडाला तेल चांगलं, हे आपण ऐकलेलं असतं. पण तेलांच्या दोन जाती आहेत. एक वाळणारी, एक न वाळणारी. जवसाचं तेल पातळ थरात हवेवर ठेवलं की हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, त्याचा पापुद्रा बनतो. तेच लाकडाचं पॉलिश. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल कितीही दिवस ठेवा, तसं वाळायचं नाही. ते ओलंच राहतं, धूळ धरतं, हाताच्या घामाशी मिसळतं. शिलाई मशीनच्या तेलाचंही तेच. पोळपाटाला तेलाचा हात लावून दुसऱ्या दिवशी तो धुऊन टाकता येतो. गिटार काही विसळता येत नाही.

ही गोष्ट आईला सांगायची कशी, हा प्रश्नच होता. मी सांगितलीच नाही. "जुनं झालंय पॉलिश," एवढंच म्हणाले.

ओळखीच्या सुताराला बोलावलं. त्याने दांडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "ताई, सगळं घासून काढतो, मेलामाइन मारून देतो. काचेसारखी होईल." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. हल्ली दारं, टेबलं, कपाटं यांना सर्रास मेलामाइनच करतात. दोन द्रावणं एकत्र करून लावायची, ती एकमेकांवर क्रिया होऊन कडक होतात, आणि मग पाणी, स्पिरिट, घाम काही बाधत नाही. पण लावताना त्यातून डोळे चुरचुरणारी वाफ निघते. आपल्या गॅलरीत बसून करण्याचं ते काम नव्हे. आणि एकदा ते झालं की परत काढायचं म्हणजे घासूनच काढावं लागतं.

घासणं तर मीही करू शकेन, तेवढेच त्याचे कष्ट वाचतील, असं मला वाटलं. हा माझा शहाणपणा! बाजारातून १२० नंबरचा पॉलिश पेपर आणला, तारा काढल्या, गॅलरीत पाट मांडून बसले आणि वरच्या टोकाकडून, खुंट्यांच्या खालून, खसाखसा घासायला सुरुवात केली. चारेक बोटं जागा पांढुरकी निघाली होती, तोवर आई कोथिंबीर निवडायला बाहेर आली. थोडा वेळ तिने नुसतं पाहिलं. मग खाली वाकून दांडीवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "इथलं नको हं काढूस. इथे त्याचा हात असायचा."

दुसऱ्या-तिसऱ्या पडद्याच्या मागे, पाठीवर, जुन्या रुपयाएवढ्या जागेतलं पॉलिश पूर्ण गेलेलं होतं. लाकूड उघडं पडून गडद आणि गुळगुळीत झालेलं. पस्तीस वर्षं अंगठा टेकून टेकून. ती जागा मी पाहिली नव्हती असं नाही. पाहिली होती, पण 'पॉलिश उडालेली जागा' म्हणून. सगळ्यात आधी तीच घासून सारखी करायची, असंही मनाशी ठरवलं होतं.

मी पेपर खाली ठेवला. आता प्रश्न निराळा झाला. उघड्या लाकडापर्यंत न घासता, जुनं आहे ते राखून, वरून लावता येईल आणि पुढे कधी बिघडलं तर आपल्याच हाताने नीट करता येईल, असं काय आहे? त्या महिन्याभरात मी जे वाचलं, विचारलं आणि लावून पाहिलं ते आता सांगते.

आधी ओळख, मग इलाज

तुमच्याकडची गिटार नवी असेल आणि तक्रार फक्त "हात अडकतो" एवढीच असेल, तर काहीही लावू नका. खरंच सांगते. नव्या गिटारींच्या दांडीवर बहुधा जाड चकचकीत थर असतो आणि घामेजलेला हात गुळगुळीत काचेवर जसा अडकतो तसा त्यावर अडकतो. भांडी घासायची हिरवी नायलॉनची घासणी घ्या, नवी कोरी, साबण न लागलेली. दांडीच्या पाठीवरून लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने, सरळ रेषेत दहा-पंधरा मिनिटं फिरवा. आडवी नाही, गोल तर नाहीच. चमक जाऊन मंद झिलई येईल आणि हात सुळसुळ सरकेल. कोरड्या कापडाने भुकटी पुसून टाकली की काम संपलं. तारेची घासणी मात्र चुकूनही वापरू नका, ओरखडे पडतात. हा उपाय माझ्या दोन मैत्रिणींच्या घरी केला आणि दोन्ही ठिकाणी मुलांनी माझ्याकडे एकदम आदराने पाहिलं.

पॉलिश खरोखर खराब झालं असेल, तर आधी ते कशाचं आहे ते ओळखायचं. जिथे दिसणार नाही अशा जागी, म्हणजे दांडी पोटाला मिळते त्या बेचक्यात, कापसाच्या बोळ्याने थेंबभर स्पिरिट लावा. जागा मऊ, चिकट झाली तर ते लाखेचं. नाही झाली, तर लॅकर थिनरचा एक थेंब. त्याने मऊ पडलं तर ते एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर पॉलिएस्टर नाहीतर पॉलियुरेथेन समजा. त्याला घासणीच बरी.

दादाची गिटार एनसीची निघाली. हे लॅकर म्हणजे आपल्या गॅरेजवाल्यांच्या ड्यूकोचंच भावंड. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या कित्येक रंगीत गिटारींना लावलेले रंग मुळात मोटारींसाठीच बनवलेले होते. त्यावर नवं एनसी मारलं तर ते जुन्या थराला विरघळवून त्याच्याशी एकजीव होतं, हा त्याचा मोठा गुण. पण ते फवाऱ्याने मारायचं, थिनरचा वास डोक्यात जातो आणि ठिणगी पडली तर भडका. घरात वयस्कर माणूस, शेजारी लहान मूल. मी तो विचार सोडला. दोन द्रावणांच्या पॉलियुरेथेनचाही सोडला. मुलगा रंगमंचावर रोज दोन-दोन तास वाजवणारा असेल तर ते जरूर करावं, पण चांगल्या मुखवट्यासह काम करणाऱ्या कारागिराकडून.

मग राहिलं तेल आणि लाख.

तेलाचं मला फार आकर्षण होतं. फवारा नको, ब्रश नको. जुन्या बनियनच्या तुकड्याने चोळायचं, पंधरा मिनिटांनी पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी परत. लाकूड लाकडासारखंच लागतं, हाताला रेशमी. अमेरिकेत बंदुकीच्या लाकडी दस्त्याला लावायचं एक तेल मिळतं, ट्रू-ऑइल नावाचं. तिकडे घरच्या घरी गिटार जुळवणाऱ्यांचं ते लाडकं आहे. म्युझिक मॅन ही नावाजलेली कंपनीसुद्धा आपल्या कित्येक गिटारींच्या दांड्यांना बंदुकीचं तेल आणि मेणच लावते. आपल्याकडे रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइल मागितलं की मिळतं. ते जवसाचंच, लवकर वाळावं म्हणून त्यात द्रव्यं घातलेली असतात. चटणीसाठी जवस आणतो त्या घाण्यावरचं कच्चं तेलही वाळतं, पण दिवसच्या दिवस लागतात. आणखी एक चिनी झाडाच्या बियांचं टंग तेल असतं, ते ओल जास्त सोसतं. पण डब्यावर टंग ऑइल लिहिलंय म्हणून आत तेच असेल असं नाही, पुष्कळदा ते पातळ केलेलं व्हार्निश असतं.

तुमच्याकडे कोरी, काहीच न लावलेली दांडी असेल किंवा मुलीच्या हाताला फार घाम येत असेल, तर डोळे मिटून हे तेल घ्या आणि वर मेणाचा हात द्या. वर्षातून एकदा परत लावलं की झालं. पण एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा. तेल लावलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळा घट्ट असला तर ती आतच साठून चिंधी आपोआप पेट घेते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काम झालं की चिंधी पाण्यात भिजवा नाहीतर बाहेर दोरीवर एकेरी पसरून पूर्ण वाळू द्या, मगच टाका. आपण चिंध्या जपून ठेवणाऱ्या बायका, म्हणून मुद्दाम सांगते.

आमचं तेलाने जमणार नव्हतं, कारण तेल उघड्या लाकडात जिरायला हवं. जुन्या लॅकरवर ते नुसतंच बसून राहिलं असतं.

मिरजेचा सल्ला

सांगलीत राहून मिरज आठवू नये, असं कसं होईल? एका दुपारी धाकटीला आणि गिटारला घेऊन मी मिरजेला गेले. तिथे दीडशेहून जास्त वर्षं सतारी-तंबोरे बनताहेत. पुढे २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारमेकरांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरांसमोर मी भीत भीत गिटार ठेवली. वाटलं, म्हणतील, हे आमचं काम नव्हे. त्यांनी दांडी हातात घेतली, अंगठा बरोबर त्याच जागेवर टेकवला, बोटं पुढे आणली आणि मान हलवली. "वाजवणारा चांगला होता," म्हणाले. मग वास घेतला. "खोबरेल?" मी हो म्हटलं. ते हसले, पण काही बोलले नाहीत.

त्यांचा सल्ला एका शब्दाचा होता. चपडा.

चपडा म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. पळस, कुसुम, बोर या झाडांवर राहणारा बारीकसा किडा फांदीवर जो राळेसारखा थर धरतो, तो खरवडून, धुऊन, वितळवून या पापड्या करतात. झारखंड-छत्तीसगडात हे पीक मोठं, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूलाही होतं. १९२४ साली तर रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करायला खास संस्था निघाली. आजोबांच्या वेळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या याच लाखेच्या. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की झालं फ्रेंच पॉलिश. तंबोऱ्याला तेच, आणि तिकडे स्पेनच्या परंपरेतल्या उंची गिटारींनाही तेच! आपल्या पळसावरची लाख सातासमुद्रापार गिटारीला लागते आणि आपण मात्र नवं काय मिळतंय म्हणून शोधत बसतो.

लाखेचा मोठा गुण असा, की जागा स्वच्छ आणि कोरडी असली तर ती जवळजवळ कशावरही धरते. जुन्या लॅकरवर धरते, उघड्या लाकडावर धरते. दोष? स्पिरिटने विरघळते, फार उष्णतेने मऊ पडते आणि रोज हात लागतो तिथे हळूहळू झिजते. मी हे म्हातारबुवांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "हात फिरतो तिथलं जाणारच. जाऊ द्यायचं, परत लावायचं. कशाला घाबरायचं?"

आता कृती. आधी खोबरेल काढणं, आणि यातच आठवडा गेला. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसायचं, फडकं बदलायचं, परत पुसायचं. वरचा थर दोन दिवसांत निघाला, पण अंगठ्याच्या उघड्या जागेत तेल मुरलेलं होतं. पुसलं की कोरडं, तासाभराने परत तुकतुकीत. तिथे मुलतानी माती कामाला आली. चेहऱ्याला लावतो तीच, फक्त पाण्याऐवजी टर्पेंटाइनमध्ये कालवायची. उघड्या लाकडावर जाड लेप, वर प्लॅस्टिकचा तुकडा, रात्रभर. सकाळी प्लॅस्टिक काढून लेप सुकू द्यायचा आणि मऊ ब्रशने झटकायचा. तीन रात्री असं केल्यावर माती स्वच्छ निघायला लागली.

नंतर पडद्यांची पट्टी, कडा आणि वरची तारा टेकतात ती पांढरी पट्टी हे सगळं कागदी चिकटपट्टीने झाकून घेतलं. पडद्यांच्या शिसवी पट्टीला पॉलिश करत नाहीत, हे लक्षात असू द्या. माझ्या १२० नंबरच्या पराक्रमाची जागा आधी २२०, मग ३२० नंबरच्या कागदाने हलकेच सारखी केली. बाकी पाठीवर फक्त ४०० नंबरचा एक ओझरता हात, नवा थर धरावा म्हणून. अंगठ्याच्या जागेला कागद लावलाच नाही.

चपडा १२ ग्रॅम आणि स्पिरिट १०० मिलिलिटर, हे प्रमाण. काचेची बरणी घ्या. लोखंडी डब्यात लाख काळी पडते. स्पिरिट ताज्या, बंद बाटलीतलं हवं, उघडी बाटली हवेतली ओल पिते. रात्रभर ठेवून अधूनमधून हलवलं की विरघळतं. मग दिवसभर हलवू नका. लाखेतलं मेण गढूळ होऊन तळाशी बसतं, वरचं निवळ जुन्या मलमलीतून दुसऱ्या बरणीत ओतून घ्या. बरणीवर तारीख लिहा. जुनं झालेलं पॉलिश नीट वाळत नाही, म्हणून सहा महिन्यांपलीकडे ठेवू नये. आणि बरणीवर 'विष' असंही लिहा. हे स्पिरिट पिण्याचं नव्हे, आणि ते पेटतं. देवघरातली समई, गॅस, उदबत्ती यांच्यापासून लांब, गच्चीत किंवा गॅलरीतच काम करायचं.

लावायची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधायचा, त्यावर पॉलिश घालून तळहातावर दाबून पाहायचं. ओघळता कामा नये. मग दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सरळ हात. तिथेच परत फिरायचं नाही, शेजारून पुढचा हात. ओल्या थरावर मोह होऊन बोळा परत फिरवला की तो चिकटतो आणि लाख उचलून घेतो. मी उचलली, म्हणून सांगते. काही मिनिटांत थर वाळतो. दिवसाला तीन हात पुरेत. असे नऊ-दहा हात झाले की आठवडाभर टांगून ठेवा. शेवटी चार शून्य नंबरची बारीक स्टील वूल किंवा तीच हिरवी घासणी हलकेच फिरवून चमक मारायची आणि मधमाश्यांच्या मेणाचा किंचित हात. विजेवरची गिटार असेल तर स्टील वूल नकोच, तिच्या लोहचुंबकांना लोखंडाचे कण चिकटतात. आणि फर्निचरवर मारायचे फवारे आयुष्यात मारू नका. त्यातल्या सिलिकोनमुळे पुढे कोणतंच पॉलिश धरत नाही.

पावसाळ्यात हे काम काढू नये. स्पिरिट उडताना जागा थंड पडते, हवेतली वाफ तिच्यावर धरते आणि पॉलिशखाली पांढरं धुकं बसतं. दिवाळी ते शिमगा हा काळ उत्तम.

आमची दांडी जानेवारीच्या मध्याला तयार झाली. लाखेने सगळी पाठ मधासारखी उजळली. अंगठ्याची जागा तशीच, थोडी जास्त गडद, पण आता थराखाली बंद झालेली. वरच्या टोकाची मी घासलेली चार बोटं मात्र फिकी राहिली आहेत. दहा हात देऊनही रंग जुळला नाही, आणि गिटार हातात घेतली की माझी नजर आधी तिकडेच जाते.

आईने दांडीवरून हात फिरवला. "कोरडी लागते," म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. त्या वर्षीच्या दसऱ्याला तिने खोबरेलाची वाटी आणून ठेवली होती. धाकटीने ती उचलून आजीचे केस विंचरायला घेतले.

त्यानंतरचे पावसाळे गिटारने बरे काढले. जुलै-ऑगस्टात जरा ओलसर लागते, कोरड्या फडक्याने पुसलं की चालते. आता मात्र पाठीवर एका जागी लाख गेली आहे. दादाच्या जागेवर नाही. धाकटीचा हात लहान, तिचा अंगठा बोटभर वर टेकतो. तिथे नवी गोल खूण उमटायला लागली आहे. दिवाळीनंतर ताजा चपडा भिजवायचा आहे. त्या जागेवर बोळा फिरवायचा की नाही, यावर आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत.